सुताएवढी गोष्ट

परवा नातू इलेक्ट्रिक गिटार घेऊन गोरेगावला आला. "आबा, इक्वलायझर पुण्यातच राहिला," म्हणाला. पण त्याचं काही अडलं नाही. घोडीजवळ छेडलं की टोकदार आवाज, मानेकडे सरकलं की गोल. आवाजाचं बटण जरा मागे घेतलं की आवाज लहान होतोच, वर त्याची धारही जाते. मी म्हटलं, अरे, हे तर मिरजेचं काम!

मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारीला गिऱ्हाईक उरेना, तेव्हा १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांसारखी मंडळी तंतुवाद्यांकडे वळली. भोपळा पंढरपूरकडचा. पण तंबोऱ्याचा जीव जवारीत. घोडीचा माथा सपाट दिसतो, तरी त्याला अगदी बारीक उतार असतो आणि तार त्याला चाटत थरथरते. तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. केसभर पुढेमागे झाला की आवाज खुलतो किंवा मिटतो. अब्दुल करीम खाँसाहेब (मिरजेतच राहिले, १९३७ साली गेले) जवारी लावण्यातही जाणकार होते.

गंमत पुढेच आहे. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर उमटू नयेत असा नियम, कारण त्या स्वरांना मध्यबिंदू हलायलाच नको असतो. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर लिहिताना दाखवलं की इथे तेही उमटतात, आणि ते घोडीच्या त्या उतारामुळे. (मी जन्मभर इतिहास शिकवला. हे नातवाने दोनदा समजावलं तेव्हा कळलं.)

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. छान झालं. पण जवारी काढणारा हात मानांकनाने तयार होत नाही, त्याला वर्षं जातात.

वडिलांचा भजनातला तंबोरा आमच्या माळ्यावर आहे. वीस वर्षांपूर्वी एकाने कानशीने घासून त्याची घोडी बिघडवली, तेव्हापासून तो मुकाच. हिंगोलीहून मिरज जवळ नाही म्हणून मी टाळत आलो. परवा नातवाने गिटारची धार वाढवली आणि विचारलं, "ऐकू येतंय का?" मला फरक कळला नाही. सूनबाईला कळला.

रात्री तंबोरा खाली काढला. खोळ उसवलीय, ती आधी शिवून घ्यायची. नातू दिवाळीत गाडी घेऊन येतो म्हणालाय.