कॉम्प्युटरने आणलेली स्थळे

1965 साली हार्वर्डच्या जेफ टार आणि वॉन मॉरिल या दोन विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ सुरू केले. लांबलचक प्रश्नावली भरायची, सोबत 3 डॉलर पाठवायचे. उत्तरे कॉम्प्युटरमध्ये जात आणि काही दिवसांनी नावांची यादी टपालाने घरी येई. कॉम्प्युटरवर जोड्या जुळवण्याच्या धंद्याचा इतिहास बहुतेक जण इथूनच सांगतात. तो एक वर्ष उशिरा सुरू होतो, आणि भलत्याच शहरात.

1964 मध्ये लंडनला जोन बॉल या बाईंनी ‘सेंट जेम्स कॉम्प्युटर डेटिंग सर्व्हिस’ काढली होती. त्याआधी त्या साधी विवाहसंस्था चालवत. त्यांच्याकडे येणाऱ्यांत कॉलेजची मुले कमी. विधवा, विधुर, घटस्फोटित अशी चार वर्षे जास्त पाहिलेली माणसे अधिक. नव्याने ओळख करून द्यायला त्यांच्याभोवती कोणी उरलेले नसे. आजही या माध्यमाचा खरा फायदा अशाच माणसांना होतो, वीस-बावीस वर्षांच्या पोरांना भेटायला कॉलेजचे कँटीन पुरते.

बॉलबाईंची हुशारी प्रश्नावलीत होती. जोडीदार कसा हवा, यापेक्षा कसा नको, यावर त्यांनी भर दिला. ज्या घरात स्थळे पाहिली गेली आहेत, तिथे याचे मर्म कोणाला समजावून द्यायला नको. ‘हवे’ची यादी सगळ्यांची सारखीच असते, सुस्वभावी, समंजस वगैरे, माणूस कळतो तो त्याच्या ‘नको’वरून.

मात्र धर्म, वंश, वर्ग यांची ‘नको’सुद्धा यंत्र तितक्याच निष्ठेने पाळत असे. समाजातल्या भिंती पाडण्याचे काम त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

बॉलबाईंची मोठी अडचण तंत्राची नव्हती, अब्रूची होती. स्त्री-पुरुषांची ओळख करून देणारी संस्था म्हणजे तिच्या आड काहीतरी वेगळेच चालत असणार, या संशयाने वर्तमानपत्रे त्यांची जाहिरात नाकारत. अखेर किनाऱ्यापासून दूर, जहाजांवरून चालणाऱ्या पायरेट रेडिओवर त्यांनी जाहिराती दिल्या. 1965 मध्ये दुसऱ्या एका संस्थेशी हातमिळवणी होऊन ‘कॉम-पॅट’ उभी राहिली. सगळा कारभार टपालावर, आणि 1971 च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांचा संप सात आठवडे चालला. त्यातून धंदा पुरता सावरला नाही. तो शेवटी ‘डेटलाइन’ या प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला, आणि बॉलबाईंचे नाव पुसट झाले.

इंटरनेट आल्यावर 1995 मध्ये अमेरिकेत ‘मॅच डॉट कॉम’ सुरू झाले. मुंबईत अनुपम मित्तल यांचे ‘शादी डॉट कॉम’ नव्वदीच्या दशकातच उभे राहिले. इथे वर्तमानपत्रातल्या ‘वर पाहिजे’चे सगळे रकाने जातीसकट पडद्यावर आले आणि मुलामुलींची माहिती अनेकदा आईवडीलच भरू लागले. 2012 मध्ये टिंडर आले. ‘नको’ म्हणायला आता अंगठा डावीकडे सरकवणे पुरेसे झाले. आईवडील चित्रातून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर चौकशीही गेली. मुलगा खरेच त्या कंपनीत आहे का, हे गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारण्याची जुनी रीत कितीही जाचक असली, तरी तिचा उपयोग होता.

त्या मोकळ्या जागेत ठग शिरले. परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनिअर, महिनाभर गोड चॅटिंग, मग पाठवलेली महागडी भेट ‘कस्टम्स’मध्ये अडकते आणि सोडवायला पैसे भरावे लागतात: ही युक्ती भारतातल्या सायबर पोलिसांना पाठ झाली आहे. समलिंगी पुरुषांना ॲपवरून भेटीला बोलावून लुबाडायचे, तक्रार केली तर घरी कळेल ही भीती घालायची, असेही होत आले. समलिंगी संबंध गुन्हा नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने कायद्याची टांगती तलवार गेली, घरच्यांची भीती राहिली. खुद्द कंपनीकडची माहिती तरी कुठे सुरक्षित? 2015 मध्ये विवाहबाह्य संबंधांसाठीच्या ‘ॲशली मॅडिसन’मधून कोट्यवधी खात्यांचा तपशील फुटला.

केंद्र सरकारने 2016 मध्ये विवाह-संकेतस्थळांसाठी नियमावली काढली. सदस्यांची ओळख तपासा, असे तीत होतेच. शिवाय ‘हे डेटिंगचे संकेतस्थळ नाही’ असे जाहीर करण्याची अटही होती. बॉलबाईंना ही अट ओळखीची वाटली असती.

पुढची दिशा टोकियोत थोडी दिसते. जन्मदर घसरल्याने चिंतेत पडलेल्या तिथल्या महानगर प्रशासनाने 2024 मध्ये स्वतःचेच जोडी जुळवणारे ॲप काढले. जोड्या एआय सुचवते. पण नाव नोंदवताना अविवाहित असल्याचा दाखला, उत्पन्नाचा कागद आणि लग्नाचा इरादा असल्याची लेखी हमी लागते. शिवाय मुलाखतही असते, आणि ती माणूस घेतो.