दुसऱ्या फेरीचे मतदान (फ्रान्स)

पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक वैध मते न मिळाल्यास आघाडीच्या दोघांत होणारे फेरमतदान. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाची थेट निवड १९६२ च्या घटनादुरुस्तीने आली. १९६५ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनाही दुसरी फेरी लढवावी लागली. दोन आठवड्यांत पुन्हा मतदान म्हणजे खर्च आणि दगदग. तरी २००२ च्या निवडणुकीचा दाखला पाहता ती सार्थकीच लागते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांना पहिल्या फेरीत २० टक्क्यांहूनही कमी मते होती, दुसऱ्या फेरीत ८२ टक्के पडली. एकाच फेरीत थांबले असते, तर पाचातल्या चौघांनी नाकारलेला राष्ट्राध्यक्ष देशाला मिळाला असता. मतविभागणीवर मात्र हा पुरता इलाज नव्हे. त्याच निवडणुकीत डावी मते अनेक उमेदवारांत विखुरली आणि पंतप्रधान जोस्पँ अतिउजव्या ल पेन यांच्यामागे एका टक्क्याहूनही कमी फरकाने राहून पहिल्याच फेरीत बाद झाले.