कचेरी किती लांब? किनवटच्या वादाचा पूर्वेतिहास

संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास आपण वर्गात शिकवतो तेव्हा मुंबई, बेळगाव, नागपूर ही नावे ओघाने येतात. किनवटचे नाव सहसा येत नाही. वस्तुतः भाषावार प्रांतरचनेचा अर्थ काय, हा प्रश्न ज्या गावाला सर्वाधिक प्रत्यक्षपणे भिडला, त्यांपैकी किनवट एक आहे. आज नांदेड जिल्ह्याचा अविभाज्य भाग म्हणून ओळखला जाणारा हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नांदेडचा नव्हता. तो हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे दुसरे राज्य. आणि कचेरीचे काम निघाले की वाट आदिलाबादची.

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ द्वैभाषिक मुंबई राज्यात घातले. त्याच कलमांच्या बळावर नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आंध्राकडे गेली. राजुरा १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. किनवट मात्र नांदेडकडेच राहिले. मराठी भाषकांचा प्रदेश मराठी राज्यात आला, हे न्याय्यच होते. तथापि एका प्रश्नाचे उत्तर देताना दुसरा प्रश्न निर्माण झाला. आदिलाबाद तुलनेने जवळ. नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर दूर. भाषा जवळ आली आणि कचेरी लांब गेली.

येथील भाषेचा प्रश्न मराठी-तेलुगू अशा दोन खणांत मावणाराही नव्हता. राजगोंड, कोलाम, प्रधान, आंध या जमाती आणि बंजारा तांडे यांच्यामुळे किनवटचा बाजार सदैव बहुभाषक राहिला. १९४० मध्ये आदिलाबाद जिल्ह्यात कुमरम भीम यांचा उठाव चिरडला गेल्यानंतर निजाम सरकारला आदिवासींच्या जमिनींच्या प्रश्नाकडे पाहणे भाग पडले आणि मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या अभ्यासाचे काम आले. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. त्या योजनेतील गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत छापले गेले, कारण त्या भागातील गोंडांना मराठी परिचित होती. म्हणजे ज्या जिल्ह्यात राज्यकारभार उर्दूत चाले, तेथे गोंडी मुलाच्या हाती पहिले पुस्तक गोंडीत आणि नागरी अक्षरांत पडले. मराठी वाङ्मयेतिहासात या पाठांची नोंद व्हावयास हवी. नवी सीमा आखल्यावर अलीकडच्या शाळेत मराठी स्थिरावली, पलीकडच्या शाळेत तेलुगू. गोंडी दोन्हीकडे घरापुरती उरली. प्रांतरचनेच्या वादात प्रत्येक पक्ष मातृभाषेचा दाखला देत होता; गोंडी आणि कोलामी या मातृभाषांची बाजू मात्र त्या वादात कुठेच उभी राहिली नाही.

सीमेचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. १९७६ च्या केंद्रीय कायद्यानुसार लंबाडा समाजाचा समावेश संपूर्ण आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातींत झाला. महाराष्ट्रात तोच बंजारा समाज विमुक्त जातींत राहिला. सोयरीक दोन्ही बाजूंना, बोली एक; दाखला मात्र निराळा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठा-कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार स्वीकारला, तेव्हा बंजारा समाजाने त्याच दस्तऐवजाकडे बोट दाखवून अनुसूचित जमातीचा दावा पुढे केला आणि आदिवासी संघटनांनी त्यास कडाडून विरोध केला. शेजारी नांदणाऱ्या दोन समाजांत एका गेलेल्या राज्याचे जुने दप्तर असे उभे राहिले. एकाला त्यात नाकारलेला हक्क दिसतो, तर दुसऱ्याला आधीच तोकड्या असलेल्या हक्कातील वाटेकरी. या दोन्ही भावनांना इतिहास आहे, म्हणूनच त्यांपैकी एकीची टवाळी करून भागत नाही.

किनवटच्या बसस्थानकासमोर चहा पिताना चालणारी चर्चा ऐकली की या साऱ्याचे धागे तीत सापडतात. जिल्हा कधी होणार, हा तीतील जुना विषय. मराठवाड्यात १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर, १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा झाला. तिकडे तेलंगणाने २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे केले. किनवटचा महसुली जिल्हा मात्र नांदेड, लोकसभा मतदारसंघ हिंगोली आणि विभागीय आयुक्त छत्रपती संभाजीनगरला. एका नागरिकाने दाद मागायची ती कोणत्या दिशेला तोंड करून? २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये नांदेडच्या सीमेवरील काही गावांनी तेलंगणात जाण्याची भाषा केली, तेव्हा पुण्या-मुंबईकडे अस्मितेच्या अंगाने विचार झाला. गावकऱ्यांचे बोलणे शेतीच्या विजेचे, रयतुबंधूच्या पैशांचे, रस्त्याचे होते. त्यास मराठीद्रोह म्हणणे हे आमच्या मते वाचनदोषाचे उदाहरण आहे.

आम्हा साहित्याच्या अध्यापकांचाही यात दोष आहे. सीमाप्रश्न म्हणजे भाषेचा प्रश्न, असे सोपे समीकरण आम्हीच वर्षानुवर्षे फळ्यावर मांडत आलो. किनवटचा अनुभव सांगतो की भाषेबरोबर अंतराचाही हिशेब मांडावा लागतो. तो मांडायचा तर आदिलाबादकालीन उर्दू दप्तर वाचणारे, गोंडी व गोरबोली ऐकून लिहून घेणारे विद्यार्थी हवेत. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे आणि किनवट त्याच्याच परिक्षेत्रात येते. तेथील मराठीच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय म्हणून मारलवाईचे ते गोंडी वाचनपाठ निवडले, तर या कामाची सुरुवात होईल.