मकरानचा चिखल आणि समुद्राखालील भूकंप

ता. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहाटे साडेतीनच्या सुमारास बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यालगत, समुद्राच्या तळाखालीं, भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. त्याचें मान ८ हून किंचित् अधिक होतें, असें पुढें ठरविण्यांत आलें. पसनी आणि ओरमारा ह्या कोळ्यांच्या गांवांवर समुद्र चढून आला. आणि सुमारें ५ तासांनीं, सकाळीं ८ वाजून गेल्यावर, त्या लाटा मुंबईच्या किनाऱ्यास येऊन भिडल्या. येथें त्यांची उंची जवळजवळ २ मीटर भरली. नांगरलेल्या होड्यांचे दोर तुटले व कांहीं माणसें वाहून गेलीं. त्याच सुमारास मकरानजवळ समुद्रांतून चिखलाचीं नवीं बेटें वर आलीं आणि लाटांच्या माऱ्यानें कालांतरानें नाहींशीं झालीं. लाटा आणि बेटें ह्या दोन गोष्टी वरवर पाहतां निराळ्या दिसतात. परंतु दोहोंचा विचार करूं लागलें म्हणजे गाळांत कोंडलेल्या पाण्यापाशींच येऊन पोहोंचावें लागतें.

मकरानच्या किनाऱ्याखालीं अरबी भूपट्ट उत्तरेकडे, वर्षाला कांहीं सेंटिमीटर ह्या गतीनें, आशियाच्या भूभागाखालीं शिरत आहे. त्याच्या पाठीवर युगानुयुगें सांचलेला गाळ कांहीं ठिकाणीं ७ किलोमीटरपर्यंत जाड आहे. भूपट्ट खालीं जातांना हा गाळ खरवडला जातो व नांगराच्या फाळापुढें ढेकळें सांचावीं तसा किनाऱ्यापाशीं घड्या पडून सांचतो. ताज्या गाळांत निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. वरून भार वाढला म्हणजे हें पाणी बाहेर पडूं पाहतें. परंतु चिकणमाती त्याला सहजासहजीं वाट देत नाहीं. मग वरचें ओझें मातीच्या कणांनीं पेलण्याऐवजीं तें कोंडलेलें पाणीच पेलूं लागतें.

ह्या गोष्टीचें मर्म प्रथम एका स्थापत्यशास्त्रज्ञास उमगलें. कार्ल तेर्झागी हा ऑस्ट्रियन पंडित इस्तंबूल येथील रॉबर्ट कॉलेजांत अध्यापन करीत असतां ओल्या मातीवर प्रयोग करीत होता. इमारतींचे पाये कां खचतात, हा त्याचा प्रश्न होता. त्यानें १९२५ मध्यें ग्रंथ लिहून असें दाखविलें कीं, मातीची मजबुती एकंदर भारावर अवलंबून नसते. त्या भारांतून कणांमधील पाण्याचा दाब वजा करून जें उरतें, त्यावर ती अवलंबून असते.

हा पायांचा नियम पर्वतांना लागू करण्यास आणखी ३४ वर्षें लागलीं. अनेक किलोमीटर लांबीचे खडकांचे थर न मोडतां दुसऱ्या थरांवरून सरकत गेलेले पाहून भूगर्भशास्त्रज्ञ चकित होत. कारण एवढें घर्षण जिंकण्याइतका रेटा दिला, तर थराचा चुराच व्हावयास हवा. १९५९ मध्यें हबर्ट आणि रूबी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं उत्तर दिलें: खालच्या भेगेंतील पाण्याचा दाब थराला अंशतः उचलून धरतो. त्यांनीं बीअरचा रिकामा डबा थंड करून ओल्या काचेवर पालथा ठेवला. काच सुमारें १७ अंश कलती केल्याखेरीज जो डबा एरवीं हलत नसे, तोच आंतली हवा तापून फुगूं लागतांच अवघ्या १ अंशाच्या उतारावर घसरूं लागला.

तथापि एक प्रश्न उरला. पाण्यानें इतका मऊ झालेला गाळ हळूहळू सरकून जाईल, त्यांत मोठ्या धक्क्यास लागणारा ताण सांचणार नाहीं, असें पुष्कळांना वाटत असे. जपानच्या ईशान्येस ता. ११ मार्च २०११ रोजीं झालेल्या भूकंपानें हा भरंवसा मोडला. तेथें तळाचा गाळ खंदकाजवळच सुमारें ५० मीटर सरकला आणि त्यामुळें अतिप्रचंड लाटा उठल्या. पुढच्या वर्षीं ‘चिक्यू’ ह्या जहाजानें जवळजवळ ७ किलोमीटर खोल पाण्याच्या तळाशीं भोंक पाडलें. समुद्रतळाखालीं सुमारें ८२० मीटरांवर भूपट्ट जेथें घसरला ती जागा सांपडली. तो ५ मीटरांहूनही कमी जाडीचा, निसरड्या चिकणमातीचा पट्टा होता. अशा मातींत वेगानें घसरण सुरू झाली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनें आंतील पाणी प्रसरण पावूं पाहतें. वाट न मिळाल्यानें त्याचा दाब चढतो, आणि घसरण आणखीच सुकर होते.

मकरानांत हा दाब डोळ्यांनीं पाहतां येतो. हिंगलाज देवीच्या यात्रेस जाणारे भाविक वाटेंत चंद्रगुप नांवाच्या टेकडीवर नारळ वाहतात. तिच्या मुखांतून खालून रेटलेला चिखल बुडबुड्यांसह उकळल्यासारखा वर येत असतो. ता. २४ सप्टेंबर २०१३ रोजीं आवारान भागांत भूकंप झाला, तेव्हां शेंकडों किलोमीटर दूर ग्वादरसमोर असेंच एक बेट समुद्रांतून वर आलें; त्यांतून ज्वलनशील वायु निघत होता. कांहीं वर्षांतच तेंही लाटांखालीं गेलें.

१९४५ च्या भूकंपांत मकरानचा पूर्वभाग हलला. इराणकडील पश्चिम भागांत, उपकरणें आल्यापासून, तशा प्रतीचा भूकंप नोंदला गेलेला नाहीं. तेथील भूपट्ट मुकाट्यानें सरकत आहे कीं ताण सांठवीत आहे, ह्याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु जपानचा अनुभव आल्यानंतर गाळाच्या मऊपणावर विसंबून निर्धास्त राहणें शहाणपणाचें नाहीं. २००४ च्या महालाटेनंतर हैदराबाद येथें २००७ मध्यें इशारा देणारें केंद्र स्थापन झालें असून, मकरानकडील हालचालींवरही त्याचें लक्ष असतें. १९४५ सालीं मुंबईला ५ तासांचा अवकाश मिळाला होता. मात्र लाट येत आहे, हें सांगणारें तेव्हां कोणी नव्हतें. आज तो निरोप पाठविणारी यंत्रणा आहे. तो मिळतांच किनारा सोडून उंच जागीं जाण्याची तयारी मात्र किनाऱ्यावरील गांवांनींच ठेवावयास हवी.