दारिद्र्याची मोजदाद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील पुष्कळ सुशिक्षितांचा असा समज होता कीं, दारिद्र्य हें आळस व व्यसन यांचेंच फळ होय. हा समज सुखवस्तूंस सोयीचा होता. दोष गरिबाच्या माथीं मारला कीं समाजाची जबाबदारी संपली!

सीबोम राउंट्री यांनीं १८९९ सालीं यॉर्क शहरांत या समजाची कसोटी घेतली. ते चॉकोलेटच्या कारखानदाराचे पुत्र. घरोघर तपास करवून ११,५६० मजूर कुटुंबांची मिळकत, घरभाडें व राहणी यांची त्यांनीं नोंद केली. नंतर शरीर धड राहण्यापुरतें अन्न, वस्त्र व निवारा यांस लागणारा खर्च काढला. त्यांत टपाल किंवा वर्तमानपत्र यांसाठीं एक पैही धरली नव्हती.

१९०१ सालच्या त्यांच्या ग्रंथानें दाखविलें कीं, शहरांतील शेंकडा सुमारें २८ माणसें दारिद्र्यांत होतीं. शेंकडा सुमारें १० जणांची तर सारी मिळकतच या किमान खर्चास अपुरी होती. आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या घरचा कर्ता नियमानें कामावर जात होता. उणीव उद्योगांत नव्हती, मजुरींत होती.

वृद्धांस निवृत्तिवेतन देणारा १९०८ चा कायदा व १९११ चा विमा कायदा यांस अनुकूल लोकमत घडविण्यांत या आंकड्यांचा मोठा वाटा होता.

याच धर्तीवर एका इंग्रज खेड्याची पाहणी केलेले डॉ. हॅरोल्ड मॅन पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाच्या १९१७ सालच्या अभ्यासांत त्यांनीं जमिनीचे तुकडे व कर्ज यांचा फांस उघड केला.

अपुऱ्या मजुरीवर किंवा तुकड्यांच्या शेतीवर नुसता उपदेश हें औषध नव्हे; हें दोन्हीकडे मोजणीनेंच कळलें.