त्रिरश्मीवरचीं नांवें

घरांत बारसें ठरलें म्हणजे पहिला वाद निघतो तो नांवाचा. पूर्वीं आत्याबाई बाळाच्या कानांत सांगतील तें नांव कायम होई. आतां आईबाप पुस्तकें चाळतात आणि ‘अर्थ काय?’ म्हणून एकमेकांस विचारतात. अर्थ विचारणें योग्यच आहे. परंतु नांवाला शब्दार्थाखेरीज आणखी एक अर्थ असतो आणि तो कोशांत सांपडत नाहीं. हें नांव कोणीं ठेवलें, कोणत्या काळीं ठेवलें, आणि पुढें तें टिकूं दिलें कीं पुसून टाकलें, हा तो अर्थ. तो पाहावयाचा तर आम्हां नाशिककरांना फार दूर जावें लागत नाहीं. गांवापासून पांच मैलांवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला पांडवलेण्यांचा डोंगर आहे. पांडवांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. हीं चोवीस लेणीं बौद्ध भिक्षूंसाठीं खोदलेलीं आहेत आणि त्यांतील लेखांत डोंगराचें नांव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मि, असें आहे. ज्यांनीं दानें दिलीं त्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत आणि प्राकृत भाषेंत तेथें कोरून ठेविलीं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वींच्या महाराष्ट्राची जणूं ती एक नांवनिशीच आहे.

सतराव्या लेण्यांतला लेख प्रथम पहा. लेणें खोदविणारा आपणांस ‘योनक’ म्हणवितो, म्हणजे यवन, ग्रीक वंशाचा. आणि उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा रहिवासी म्हणून सांगतो. तेव्हां नांव कांहीं तरी परकें, कानाला टोंचणारें असेल अशी आपली अपेक्षा. पण नांव आहे इंद्राग्निदत्त! त्याच्या बापाचें नांव धर्मदेव आणि मुलाचें धर्मरक्षित. इंद्र आणि अग्नि हे वेदांतले देव, धर्म हा बुद्धाचा, आणि घराणें यवनाचें. आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांत ग्रीक नांवाची खूणहि उरलेली नाहीं. त्यानें ‘योनक’ हा शब्द स्वतः कोरविला नसता, तर आपण त्याला बेलाशक येथल्याच कोणा श्रीमान् गृहस्थाच्या पंक्तीला बसविलें असतें.

दहाव्या लेण्यांत हाच प्रकार अधिक ठळक दिसतो. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें तें लेणें करविलें. बापाचें नांव दीनीक, सासऱ्याचें नहपान. दोन्ही नांवांना संस्कृत व्युत्पत्ति लावूं गेल्यास पंडिताला घाम फुटावा. पण जांवयाचें नांव उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, ऋषभानें दिलेला. आणि नहपानाच्या मुलीचें नांव दक्षमित्रा. पुढें तिसऱ्या शतकांत, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षीं, एका उपासिकेनें त्रिरश्मीवरील आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं निरनिराळ्या श्रेणींकडे कायमच्या ठेवी ठेविल्या. तेल्यांच्या श्रेणीकडे पांचशें कार्षापण ठेविल्याचा त्यांत उल्लेख आहे. ती शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची आई. तिचें नांव विष्णुदत्ता. शकाची लेक, बुद्धाची उपासिका आणि नांव विष्णूनें दिलेली! नांवावरून जात, धर्म आणि मूळ देश ओळखूं पाहणारे गृहस्थ आजहि पुष्कळ भेटतात. त्यांनीं सवडीनें एकदां हा डोंगर चढावा.

हा ‘दत्त’ म्हणजे ‘दिलेला’. मूल आपण मिळविलें नाहीं, कोणीं तरी दिलें, ही त्यांतली भावना. आपल्या ‘दत्तक’ शब्दांत तोच धातु आहे, आणि दत्तक गेलें कीं नांवहि बदलूं शकतें. नाशिकचे कुसुमाग्रज जन्मले ते गजानन रंगनाथ शिरवाडकर म्हणून. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले.

आतां तिसऱ्या लेण्याकडे वळूं. येथें वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षींचा तो प्रसिद्ध लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीनें शक, यवन आणि पह्लव यांचा संहार केला, क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, अशी त्यांत मोठी स्तुति आहे. (संकर किती थांबला तो भाग निराळा. त्याच कुळांतील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक क्षत्रपांची कन्या होती, असें कान्हेरीचा लेख सांगतो.) पण ही स्तुति कोण करीत आहे? राजाची म्हातारी आई, महादेवी गौतमी बालश्री. लेणें तिनें दिलें आहे. ती स्वतःस महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणविते. नवऱ्याचें नांव मात्र त्या लांबलचक लेखांत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर करावयास हवा. गोदावरीला गौतमी म्हणतात, म्हणून राजानें नदीचें नांव लावलें असें कित्येकांस वाटतें. तसें नाहीं. गौतमी म्हणजे गौतम गोत्राची, वासिष्ठी म्हणजे वसिष्ठ गोत्राची. राजे ‘बालश्रीपुत्र’ म्हणवीत नव्हते. आईचें गोत्र सांगत, तिचें स्वतःचें नांव नव्हे. राज्यहि बापाकडून मुलाकडेच जाई. अनेक राण्यांच्या मुलांत कोणता मुलगा कोणाचा, हें कळण्यासाठीं ही रीत पडली असावी, असा तर्क विद्वानांनीं केला आहे. तेव्हां तो काळ स्त्रियांच्या राज्याचा होता असें कोणीं समजूं नये. तरीहि राजाच्या नाण्यावर आणि लेखावर त्याच्या आईची खूण होती एवढें खरें. आपल्या काळांत अशी खूण मला एकच चटकन् आठवते. कुसुम ही शिरवाडकरांची बहीण. तिचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ, तो कुसुमाग्रज.

मधल्या काळांत स्त्रीच्या नांवाचें काय झालें तें सांगणें जड जातें. लग्नांत तांदळांनीं भरलेलें ताट पुढें येतें, नवरा त्यांत अंगठीनें नवें नांव लिहितो, आणि मंडळी पेढे वाटतात. दगडावर कोरलेलें नांव दोन हजार वर्षें टिकलें. तांदळांत लिहिलेलें नांव ताट हलतांच मोडतें, पण तेवढ्या वेळांत माहेरचें नांव मोडून जातें. १८७३ सालीं कुर्लेकरांची यमुना रानड्यांच्या घरीं येऊन रमा झाली. न्यायमूर्ति नाशकास नोकरीवर असतां ती येथेंच राहत होती. १८७४ सालीं कल्याणची यमुना जोश्यांच्या घरीं आनंदी झाली आणि पुढें १८८६ सालीं डॉक्टर झाली. १८९३ सालीं गोदूबाईनें कर्व्यांशीं पुनर्विवाह केला आणि तिची आनंदीबाई झाली. वीस वर्षांत तीन नद्या गुप्त झाल्या! या तिघींची कीर्ति झाली म्हणून आपल्याला त्यांचीं पहिलीं नांवें ठाऊक आहेत. आपल्या स्वतःच्या पणजीचें माहेरचें नांव काय होतें, हें या घटकेला किती श्रोत्यांना सांगतां येईल?

गंमत अशी कीं, नक्षत्राचें, झाडाचें, नदीचें वा पर्वताचें नांव असलेली मुलगी करूं नये, असें मनुस्मृति सांगते. महाराष्ट्रानें तें मनावर घेतलें नाहीं. गोदा, गंगा, यमुना, कृष्णा, तुळसा यांवांचून जुनी मराठी वंशावळ उघडतच नाहीं. पण त्याच स्मृतींतील दुसरी आज्ञा अधिक दूर पोहोंचली. ब्राह्मणाचें नांव मंगल असावें आणि शूद्राचें जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असें, असा तिचा आशय. दगडू, धोंडू, कचरू हीं नांवें दृष्ट लागूं नये, मूल जगावें, म्हणूनहि ठेवीत आणि तीं सर्व जातींत आढळतात. महर्षि कर्वे स्वतः धोंडोच होते. पण ज्याला ‘राव’ आणि ‘पंत’ जोडावयास कोणी नाहीं, त्याला असलें नांव जन्मभर निराळेंच ऐकूं येतें. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बलुतं’ या दया पवारांच्या आत्मकथेंतला दगडू ज्यांनीं वाचला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको.

मुलींचें तर याहून वाईट. दगडू हें नांव मूल हवें होतें म्हणून ठेवीत. नकुसा हें नको होतें म्हणून. २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. अर्थाची एवढी निकड दुसऱ्या कोणत्याहि नांवांत नसेल, आणि त्यासाठीं पुस्तक चाळावें लागत नाहीं.

आतां नियम बदलला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर प्रथम मुलाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें आणि शेवटीं आडनांव असा क्रम महाराष्ट्र शासनानें ठरविला. येथें गोत्र नव्हे, आईचें स्वतःचेंच नांव येतें. त्या दृष्टीनें आजचें पोर गौतमीपुत्राच्याहि एक पाऊल पुढें गेलें. मात्र तें नांव माहेरचें कीं तांदळांतलें, हें घरानें ठरवावयाचें आहे.

दहाव्या लेण्याच्या ओसरींत एका लहानशा कोठडीच्या दारावर थोडक्या शब्दांचा लेख आहे. ‘ओवरक’ असा त्या कोठडीसाठीं शब्द आहे; आपली ओवरी ती हीच. नवऱ्याच्या दानांचे लेख त्याच ओसरींत लांबच लांब कोरलेले आहेत: तीन लाख गायी, सोळा गांवें, नद्यांवर फुकट नावा. हिनें एक ओवरी दिली. क्षहरात क्षत्रप नहपान राजाची मुलगी, दीनीकपुत्र उषवदाताची कुटुंबिनी, आणि मग तिचें स्वतःचें नांव: दखमिता. अक्षरें अजून वाचतां येतात.