सात की नऊ, शून्य की एक: डिजिटल विटा आणि अंबरनाथचं देऊळ

लोकलच्या गर्दीत कानाला इयरफोन लावणंही ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना सुटलेले एक-दोन धागे जोडलेत, बाकी बोलणं होतं तसंच ठेवलंय.

सुरुवात तुमच्या खिशातल्या फोनपासून करू. ॲण्ड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जा, बिल्ड नंबर शोधा आणि त्यावर सात वेळा टिचकी मारा. फोन तुम्हाला कळवतो की आता तुम्ही डेव्हलपर झालात! २०१२ सालच्या ४.२ या आवृत्तीपासून ही गंमत चालू आहे. फोन तोच आणि माणूसही तोच. मधे फक्त एक झाकलेलं दार होतं, आणि ते कंपनीनेच ठेवलं होतं.

आता आमच्या बदलापुरात डेव्हलपर म्हटलं की डोळ्यांसमोर स्टेशनबाहेरचं होर्डिंग येतं. टॉवर, गार्डन, स्टेशनपासून 'फक्त पाच मिनिटं'. पण गंमत बघा, दोन्हीकडे अर्थ एकच. जो बांधतो तो डेव्हलपर, जो राहतो तो गिऱ्हाईक. आजचा भाग या दोघांमधल्या भिंतीबद्दल आहे. त्यासाठी मी उदाहरण घेतलंय लहान मुलांच्या विटांचं, म्हणजे लेगोचं, आणि त्या विटा कॉम्प्युटरवर रचायच्या सॉफ्टवेअरचं.

वीट आधी, सॉफ्टवेअर नंतर

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आजच्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला तो २८ जानेवारी १९५८ रोजी. तेव्हाची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. एका बोंडापासून दुसऱ्या बोंडापर्यंतचं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर. हे माप साठ-पासष्ट वर्षं हललेलं नाही. आठ बोंडांच्या सारख्या सहा विटा एकमेकींत किती तऱ्हांनी बसवता येतील, याचं गणित एका डॅनिश गणितज्ञाने मांडलं. उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहाच विटा हं!

मापं पक्की असली की वस्तू कॉम्प्युटरवर चढवणं सोपं जातं. ते काम पहिल्यांदा कंपनीने केलं नाही. १९९५ साली ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन नावाच्या तरुणाने एलड्रॉ हा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांना फुकट दिला. प्रत्येक वीट म्हणजे साध्या मजकुराची एक फाईल, कुणीही उघडावी, वाचावी, नवी लिहावी. १९९७ मध्ये तो गेला, फार लवकर गेला. पण फाईली उघड्या असल्यामुळे काम थांबलं नाही. जगभरचे लोक विटा लिहीत राहिले, आजही लिहितात.

कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर आलं ते त्यानंतर, २००० नंतरच्या दशकात. नाव लेगो डिजिटल डिझायनर, आपण एलडीडी म्हणू. ते फुकटच होतं, आणि वापरायला इतकं सोपं की दहा वर्षांचं पोर अर्ध्या तासात घर बांधून मोकळं व्हायचं. फक्त ते बंद पेटी होतं. कुठल्या विटा दिसणार आणि कुठल्या रंगात मिळणार, हे कंपनी ठरवायची.

पिशव्यांचं कोडं

२००५ साली कंपनीने लेगो फॅक्टरी सुरू केली. एलडीडीत मॉडेल बनवा, साइटवर चढवा, पैसे भरा, आणि त्याच्या खऱ्याखुऱ्या विटा घरपोच. कल्पना झकास. पण विटा सुट्या मिळत नव्हत्या, ठरलेल्या पिशव्यांत मिळत होत्या. तुम्हाला एक खिडकी हवी असेल तर ती खिडकी असलेली अख्खी पिशवी घ्या. म्हणजे एक कढीपत्त्याची काडी हवी म्हणून सगळी जुडी, आणि तिचे पैसेही द्यायचे.

मोठ्या वयाच्या काही शौकिनांनी सॉफ्टवेअरच्या फाईली चाळल्या आणि कुठल्या पिशवीत काय असतं याच्या याद्या तयार केल्या. मग कमीत कमी पिशव्यांत मॉडेल कसं बसवायचं याची साधनं बनवून लोकांना दिली. याने कंपनीचा थेट धंदा कमी होत होता. वकिलाची नोटीस येईल असं तुम्हाला वाटेल. आली नाही. कंपनीच्या लोकांनी उघड कौतुक केलं.

याला एक पूर्वपीठिका आहे. १९९८ साली लेगोने माइंडस्टॉर्म्स हा रोबोटचा संच काढला. काही आठवड्यांतच स्टॅनफर्डच्या केकोआ प्राउडफूट या विद्यार्थ्याने त्याच्या मेंदूचं, म्हणजे आतल्या चिपच्या प्रोग्रामचं, गणित सोडवून जगासमोर मांडलं. त्यावर दुसऱ्यांनी नव्या भाषा लिहिल्या, एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. कंपनीत आधी खल झाला की खटला भरायचा का. शेवटी त्यांनी उलटंच केलं, परवान्यातच लिहून टाकलं की गिऱ्हाईकाला हे खोलून बदलायची मुभा आहे. सात वर्षांनी पिशव्यांचा प्रश्न आला तेव्हा उत्तर तयार होतं.

एका ओळीचं दार

आता लपलेल्या दाराकडे येतो. एलडीडीच्या फोल्डरमध्ये प्रेफरन्सेस नावाची एक साधी मजकूर फाईल असायची. भाषा कुठली, खिडकी किती मोठी, असल्या किरकोळ नोंदी तिच्यात. ती नोटपॅडमध्ये उघडून नेमकी ओळ बदलली की प्रोग्राम पुन्हा सुरू करताना त्यात कंपनीच्या माणसांसाठी ठेवलेले पर्याय दिसू लागायचे. कुलूप फोडणं नाही, पासवर्ड चोरणं नाही. फाईल तुमच्याच कॉम्प्युटरवर, तुमच्याच डोळ्यांदेखत पडलेली.

त्याहून मोठा खजिना होता विटांच्या भांडारात. सगळ्या विटा एकाच गाठोडं बांधलेल्या फाईलीत होत्या. ते गाठोडं सोडवणारा छोटा प्रोग्राम शौकिनांनी लिहिला. आत प्रत्येक विटेची एक फाईल निघाली. विटेचा आकार तर होताच, शिवाय ती कुठे कुठे जोडली जाते, आणि दुसरी वीट तिच्या अंगात घुसू नये म्हणून अडवणाऱ्या अदृश्य चौकटी कुठे आहेत, हेही होतं. हे कळल्यावर लोकांनी चुकीची जोडणी दुरुस्त केली, नव्या विटा घातल्या.

यात धोकेही होतेच. स्वतः घातलेली वीट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडायची नाही. कंपनी जी वीट ज्या रंगात बनवतच नाही, ती पडद्यावर मिळाली तरी हातात येणार नव्हती. पुढे कंपनीने स्वतःच 'एक्स्टेंडेड' नावाचा मोड दिला, कुठलीही वीट कुठल्याही रंगात. म्हणजे लोक ज्या दिशेने ढकलत होते, तिकडचं एक दार अधिकृतपणे उघडलं. पाटी मात्र स्पष्ट होती: इथे मनासारखं बांधा, विकत मिळेल असं समजू नका.

ही खोलून बघायची वृत्ती परदेशातलीच, असं कुणाला वाटत असेल तर त्याने कल्याणच्या पुढच्या स्टेशनात, म्हणजे विठ्ठलवाडीला किंवा उल्हासनगरला उतरावं. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. एका मापाच्या लांबलचक बराकी, ओळीने. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्यांत आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. बराक बांधणाऱ्याने ती सैनिकांच्या मुक्कामासाठी बांधली होती. राहणाऱ्यांनी तिच्यात पडदे लावले, मग भिंती घातल्या, पुढे दुकान काढलं, मागे कारखाना. कॅम्प एक ते कॅम्प पाच हे नंबर तेवढे राहिले. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी केलाय. पण हातात आलेली वस्तू उघडून आपल्या गरजेप्रमाणे बदलायची, ही गोष्ट या गावाला पोटासाठी शिकावी लागली.

देवळाची वीट

काही वर्षांपूर्वी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या मुलांना एलडीडी शिकवत होतो. खऱ्या विटांचा डबा परवडणं कठीण, हे फुकट. मुलांना म्हटलं, डिस्नेचा किल्ला नको, अंबरनाथचं शिवमंदिर बांधा. पुढचंच स्टेशन, सगळ्यांनी पाहिलेलं.

इथे एक गोष्ट ध्यानात आली. ते देऊळ भूमिज शैलीचं आहे. या शैलीत शिखराच्या चार मधल्या पट्ट्यांच्या दरम्यान छोटी छोटी शिखरं ओळीने मांडलेली असतात, वर जाताना लहान होत जाणारी. म्हणजे एक घटक बनवा, त्याच्या प्रती काढा, ओळ रचा, वरची ओळ लहान करा. अकराव्या शतकातला स्थपती कॉपी-पेस्टच करत होता म्हणा ना, फक्त छिन्नीने. नेहमीच्या मोडमध्ये आमची गाडी अडली, कारण हवे ते तुकडे काळ्या-करड्या रंगात नव्हते. एक्स्टेंडेडमध्ये गेलो आणि काळा पाषाण हवा तेवढा मिळाला. अंबरनाथचं मूळ शिखर वरून ढासळलेलं आहे. मुलांमध्ये वाद झाला, पडलेलं दाखवायचं की पूर्ण करायचं? शेवटी दोन फाईली झाल्या.

या देवळाच्या इतिहासातही एका आकड्याची गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. आत उत्तरेकडच्या दारावर एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि साल लावलं शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे त्यांचेच सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी अक्षरं पुन्हा तपासली. पहिला आकडा सात नाही, नऊ आहे. शके ९८२, इसवी सन १०६०, शिलाहार राजा माम्वाणीचा काळ. एक आकडा बदलला आणि देऊळ २०० वर्षांनी अलीकडे आलं, राजे बदलले, शैलीचा सगळा हिशोब बदलला. भगवानलालांनी काही फोडलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेला दगड त्यांनी पुन्हा नीट वाचला, इतकंच. आणि भाऊ दाजींनी आपलं वाचन छापून ठेवलं होतं म्हणून ते पुढच्याला तपासता आलं. दार उघडं ठेवणं म्हणजे हेच.

दुकान बंद झालं तेव्हा

आता शेवट. मॉडेलच्या विटा घरपोच देणारी सेवा, जिचं नाव पुढे डिझाइन बायमी झालं होतं, २०१२ च्या जानेवारीत बंद झाली. २०१६ च्या सुरुवातीला कंपनीने सांगितलं की एलडीडीवर आता फारसा खर्च करणार नाही. २०१९ मध्ये तिने ब्रिकलिंक ही शौकिनांची बाजारपेठ विकत घेतली, तिच्याबरोबर स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर आलं, आणि २०२२ च्या जानेवारीत एलडीडी कायमचं निवृत्त झालं.

सॉफ्टवेअर मेलं की त्यात बनवलेल्या वस्तूंचं काय होतं, हे आपण मराठी माणसांनी चांगलं भोगलंय. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लेख, ज्यांची आता टिंबं आणि चौकोन दिसतात, असे प्रत्येक छापखान्यात नि प्रत्येक घरात पडलेत. एलडीडीच्या फाईलींचं तसं झालं नाही. कारण लोकांनी त्या आधीच उघडून बघितल्या होत्या. एलडीडीची फाईल म्हणजे एक झिप, आत एक चित्र आणि विटांची मजकुरात लिहिलेली यादी. एलडीडीची कुठली वीट म्हणजे एलड्रॉची कुठली, याचा कोश एका साध्या फाईलीत होता. कंपनीने तो अद्ययावत करायचा थांबवला, शौकिनांनी हातात घेतला आणि वर्षानुवर्षं भर घालत राहिले. आज स्टुडिओही त्या जुन्या फाईली उघडतो. जेसिमनच्या उघड्या फाईली इथे पुन्हा कामाला आल्या.

आमची दोन्ही देवळं मी मध्यंतरी स्टुडिओत उघडून पाहिली. दोन-चार विटा गळाल्या होत्या, बाकी सगळं जागच्या जागी.

म्हणून मला लपलेल्या पर्यायांचं अप्रूप वाटतं ते फुकट काहीतरी मिळतं म्हणून नाही. आपण जे बांधतो ते कुणाच्या मर्जीवर उभं आहे, हे ती फाईल उघडल्यावर कळतं. एक काम सांगतो, आणि फार वेळ लागणार नाही. तुमचं लिखाण, फोटो, हिशोब, मुलांची चित्रं ज्या कुठल्या ॲपमध्ये असतील, त्यातून ती बाहेर काढता येतात का ते या रविवारी बघा. येत असतील तर एक प्रत साध्या रूपात ठेवा. येत नसतील तर ते ॲप बदलायचा विचार करा. कंपनी चांगली असली तरी एक दिवस दुकान बंद होतंच.

आणि अंबरनाथला अजून गेला नसाल तर स्टेशनवर उतरून पूर्वेला जा. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, वर आभाळ दिसतं. पाऊस पडायच्या आत जाऊन या.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि वाचणाऱ्यांनो, वाचत राहा.